झाकण उघडल्यानंतर

मी डीटीपीचं काम करते. साताऱ्यात राहत्या घरातलीच एक खोली त्यासाठी आहे. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि भाद्रपद सरला की दिवाळी अंक. दिवसभरात लॅपटॉप कितीदा झोपतो नि कितीदा उठतो याला गणती नाही. प्रूफ न्यायला कोणी आलं, कुकरची शिट्टी झाली, की झाकण मिटायचं. परत आलं की उघडायचं. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करण्यात उघडलेल्या पंधरा फायली नव्याने मांडाव्या लागतात, म्हणून झोपवणंच सोयीचं. मेमरीला तेवढी वीज मिळत राहते, बाकी यंत्र थंड.

उठल्यावर मात्र काही कामं हाताने करावी लागत. बाहेरून जोडलेला कीबोर्ड मराठी विसरून इंग्रजीवर आलेला असे. यूएसबी डिस्क पुन्हा जोडून तिच्यावरच्या ताज्या फायली उतरवून घ्याव्या लागत. प्रकाशकाच्या सर्व्हरवर आलेल्या दुरुस्त्या खेचाव्या लागत. हे सगळं यंत्राने उठल्या उठल्या आपणहून करावं असं मला वाटलं. त्यात गैर काही नव्हतं. पुढे जे केलं ते इथे सांगते आहे.

लिनक्समध्ये यासाठी सोय आहे आणि ती दिसायला फारच सोपी आहे. बहुतेक वितरणांमध्ये झोपवण्या-उठवण्याचा कारभार सिस्टमडीकडे असतो. तिच्या 'यूएसआर-लिब'मधल्या फोल्डरात 'सिस्टम-स्लीप' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात चालवता येण्याजोगी कुठलीही फाइल ठेवली की ती दोनदा चालवली जाते. झोपण्याआधी चालवताना तिला 'प्री' हा शब्द दिला जातो, उठल्यावर 'पोस्ट'. सोबत दुसरा शब्द असतो, तो झोपेचा प्रकार सांगतो: सस्पेंड, हायबरनेट, दोन्हींचं मिश्रण वगैरे. या फाइलला बोलीत हुक म्हणतात. ती रूटच्या अधिकाराने चालते. फोल्डरातल्या सगळ्या फायली एकदम सुरू होतात आणि शेवटची संपेपर्यंत गाडी पुढे सरकत नाही. एवढं पहिल्याच दिवशी नीट वाचलं असतं तर या लेखाला विषय उरला नसता. मी वाचलं नाही, कारण मला हे आधीपासून येतं असा माझा समज होता.

तो समज जुन्या वहीतून आला होता. पूर्वी हे काम पीएम-यूटिल्स नावाची मंडळी करत, आणि हुक 'ईटीसी'मधल्या 'पीएम' फोल्डरात ठेवावे लागत. तिथले शब्दही वेगळे होते: सस्पेंडमधून उठलं की 'रिझ्यूम', हायबरनेटमधून उठलं की 'थॉ'. उबुंटूने 2015च्या एप्रिलमध्ये आलेल्या 15.04 आवृत्तीपासून सिस्टमडी घेतली आणि त्या जुन्या फोल्डराकडे बघणारं कोणी राहिलं नाही. मी वही उघडली, तो फोल्डर शोधला, तो यंत्रावर नव्हता. मग मी तो तयार केला! फोल्डर नाही याचा अर्थ त्याला कोणी विचारत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हुक अर्थातच चालला नाही. चूक कळल्यावर फाइल नव्या जागी हलवली, पण आतली अट 'रिझ्यूम'च राहिली. आता हुक चालत होता, 'पोस्ट' हा शब्द घेत होता, तो अटीत बसत नाही म्हणून काहीच न करता यशस्वीपणे संपत होता. लॉगमध्ये चूक नाही, पडद्यावर चूक नाही. न होणारं काम आणि यशाची पावती हे सोबत मिळालं की माणूस वेडा होतो.

त्यानंतर कीबोर्ड. मी एक्सवर चालणारा हलका डेस्कटॉप वापरते आणि मांडणी बदलायला सेटएक्सकेबीमॅप ही कमांड. यंत्र झोपून उठलं की यूएसबी कीबोर्ड अनेकदा नव्याने जोडल्यासारखा येतो, आणि या कमांडने दिलेली मांडणी त्या नव्या उपकरणाला माहीत नसते. म्हणून तीच कमांड मी हुकमध्ये घातली. टर्मिनलमध्ये उत्तम चालायची, हुकमधून नाही. जर्नलमध्ये सस्पेंड सर्व्हिसच्या नावाने पाहिलं तेव्हा तक्रार सापडली: डिस्प्ले उघडता येत नाही. बरोबरच होतं. हुक रूट चालवतो आणि माझ्या बैठकीबाहेर, म्हणजे सेशनबाहेर, चालवतो. माझा पडदा कोणता, त्याची किल्ली कुठे, माझा होम फोल्डर कोणता, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. मी डिस्प्लेचा क्रमांक आणि किल्लीच्या फाइलचा पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहून टाकला. चाललं. म्हणजे कधी चाललं, कधी नाही. कमांड आधी धावली आणि कीबोर्ड नंतर उगवला तर इंग्रजी. कीबोर्ड आधी आला तर मराठी. एका अंकाच्या संपादकीयाचा पहिला परिच्छेद मी मान वर न करता इंग्रजी अक्षरांच्या भेंडोळ्यात टाइप केला आहे.

याच सुमारास मी आणखी एक उपद्व्याप केला होता, जो तेव्हा मला हुशारी वाटत होता. हुक सतत बदलावा लागे आणि दरवेळी रूटचा पासवर्ड द्यायचा कंटाळा, म्हणून मूळ स्क्रिप्ट मी माझ्या होम फोल्डरात ठेवली आणि सिस्टमच्या फोल्डरात तिचा नुसता दुवा. म्हणजे माझ्या खात्यात लिहू शकणारा कुठलाही प्रोग्राम ती फाइल बदलून पुढच्या वेळी झाकण उघडताच रूट होऊ शकला असता. तसं काही घडलं नाही. पण घडलं नाही यात माझं कर्तृत्व शून्य.

तपासणीच्या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी फसले. आधी मी हुक टर्मिनलमधून हाताने 'पोस्ट' शब्द देऊन चालवायचे. तेव्हा वायफाय जोडलेलं, डिस्क लागलेली, पडदा माझाच. ही आरशासमोर केलेली भाषणाची तालीम. सगळं पाठ आहे असंच वाटतं. मग खरोखर झोपवून तपासायचं ठरवलं आणि वारंवार झाकण उघडमिट नको म्हणून आरटीसीवेक ही कमांड शोधून काढली. यंत्रातल्या घड्याळाला गजर लावायचा, यंत्र झोपवायचं, अर्ध्या मिनिटाने ते आपोआप उठतं. छान सोय. फक्त मी 'मेम' हा पर्याय दिला होता. त्या पर्यायात ही कमांड कर्नलच्या पॉवर-स्टेट फाइलमध्ये स्वतःच लिहून यंत्र झोपवते. सिस्टमडीला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि सिस्टमडीला पत्ता नाही तर हुक कुठले चालणार? एक अख्खी संध्याकाळ मी बरोबर असलेल्या हुकची दुरुस्ती करत बसले. आणि दुरुस्ती करता करता तो खरंच बिघडवला. बरोबर रीत अशी: आरटीसीवेकला 'नो' हा पर्याय द्यायचा, म्हणजे ती फक्त गजर लावते, आणि मग सिस्टमसीटीएलच्या सस्पेंड कमांडने नेहमीच्या वाटेने झोपवायचं.

आता सर्व्हरचं प्रकरण. यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उठल्यावर प्रकाशकाच्या सर्व्हरवरून दुरुस्त्या खेचायच्या, तर नेटवर्क हवं. पहिल्या प्रयत्नात हुकने सर्व्हरला हाक मारली आणि नेटवर्क नाही म्हणून गप्प बसला. साहजिक आहे, वायफाय जोडायला वेळ लागतो. मी पाच सेकंद थांबायची ओळ घातली. नाही जमलं. दहा केली. वीस केली. तीस केली. गंमत म्हणजे मी जितकी वाट वाढवत गेले तितकं वायफायचं चिन्ह उशिरा उगवू लागलं. पूर्वी झाकण उघडल्यावर चारपाच सेकंदांत जोडलं जाणारं वायफाय आता अर्ध्या मिनिटाने. मी राउटरला दोष दिला, तो बंद करून चालू केला. नेट पुरवणाऱ्यांच्या तक्रार केंद्राला फोन लावून माझ्या लाइनमध्ये बिघाड आहे असंही ठामपणे सांगितलं. त्यांचा माणूस भर पावसात येऊन केबल तपासून गेला. त्याला चहा दिला, एवढीच काय ती भरपाई.

खरा प्रकार असा होता. यंत्र उठतं तेव्हा आधी कर्नल उपकरणांना जागं करतं. मग सिस्टमडी 'पोस्ट'चे हुक चालवते. सगळे हुक संपले की झोपेचं ते काम पूर्ण झाल्याची नोंद होते, आणि त्यानंतरच लॉगिनडी, ही सिस्टमडीचीच एक सेवा, 'झोप संपली' असा संदेश सगळीकडे पाठवते. नेटवर्कमॅनेजर याच संदेशाची वाट पाहत असतो. झोपताना त्याने वायफाय सोडलेलं असतं. संदेश मिळाल्यावर तो जोडायला घेतो. म्हणजे माझा हुक नेटवर्कसाठी थांबलेला, आणि नेटवर्क माझा हुक संपायची वाट पाहतंय. मी तिथे तासभर थांबायची ओळ घातली असती तरी नेटवर्क आलं नसतं.

हे कळायच्या आधी आणखी दोन वाटा चोखाळून झाल्या. हुकमधलं लांबलेलं काम ओळीच्या शेवटी अँड (&) चिन्ह लावून मागे ढकललं, म्हणजे हुक लगेच संपेल आणि काम मागे चालू राहील. ते राहत नाही. हुक सस्पेंड सर्व्हिसच्या पोटात चालतो. सर्व्हिस संपली की तिच्या गटातल्या मागे उरलेल्या प्रक्रियांनाही सिस्टमडी संपवून टाकते. काम सुरू व्हायचं आणि मध्येच मरायचं. मागे काम ठेवायचंच असेल तर हुकमधून एखादी वेगळी सर्व्हिस न थांबता सुरू करायला सांगायची, म्हणजे ती स्वतःच्या घरात राहते.

मग मी हुक सोडून सर्व्हिस लिहिली. ती 'स्लीप' टार्गेटच्या, म्हणजे सिस्टमडीच्या त्या नावाच्या टप्प्याच्या, नंतर चालावी असं लिहिलं. नाव वाचून कोणालाही वाटेल, झोपेनंतर. पण स्लीप टार्गेट गाठलं जातं ते प्रत्यक्ष झोपण्याच्या आधी. सस्पेंड करणारी सर्व्हिस त्याच्यानंतर येते. माझी सर्व्हिस त्यामुळे झाकण मिटताना धावू लागली, झोपणाऱ्या यंत्रावर. उठल्यावर चालायला हवी असेल तर 'सस्पेंड' टार्गेटच्या नंतर असं लिहावं लागतं आणि त्याच टार्गेटला ती जोडावी लागते. हायबरनेट वापरत असाल तर त्याचं टार्गेट वेगळं, तेही जोडायचं. हे सुधारलं, वर 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटच्या नंतर चालव अशी ओळ टाकली आणि निश्चिंत झाले. ती ओळ निरुपयोगी निघाली. ते टार्गेट यंत्र सुरू होताना एकदा गाठलं जातं आणि गाठलेलंच राहतं. मध्ये यंत्र झोपलं, वायफाय तुटलं, तरी सिस्टमडीच्या दप्तरी नेटवर्क आलेलंच असतं.

यातलं सगळं त्रासदायक होतं, पण नुकसान कशानेच झालं नव्हतं. नुकसान डिस्कने केलं. म्हणजे मीच, डिस्कच्या हातून.

माझी सहकारी गावातच तिच्या घरून काम करते. अंकाच्या फायलींची मूळ प्रत आम्ही एका यूएसबी डिस्कवर ठेवतो. संध्याकाळी डिस्क तिच्याकडे जाते, सकाळी माझ्याकडे येते. दिवसा माझा लॅपटॉप झोपला-उठला की डिस्कवर वाचन-लेखनाच्या चुका येत, कारण झोपेत तिची वीज जायची आणि उठल्यावर ती नवं नाव घेऊन यायची. म्हणून मी 'प्री'मध्ये डिस्क अनमाउंट केली आणि 'पोस्ट'मध्ये दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ: डिस्क माउंट कर. दुसरी: आरसिंकने डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर उतरव. त्या दुसऱ्या ओळीत मी 'डिलीट' हा पर्याय दिला होता. मूळ प्रतीत जी फाइल नाही ती लॅपटॉपवरूनही काढून टाकावी, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखं राहील. नीटनेटकेपणाची हौस.

जाणत्या वाचकाला पुढचं दिसलं असेल. हुक चालला तेव्हा डिस्क अजून उगवली नव्हती. माउंटची ओळ फसली. शेलच्या स्क्रिप्टला वेगळं सांगितलेलं नसेल तर एक ओळ फसल्यावर ती निमूट पुढच्या ओळीवर जाते. पुढच्या ओळीत आरसिंकने पाहिलं तो माउंट करायचा फोल्डर, जो डिस्क नसताना नुसता रिकामा फोल्डर असतो. मूळ प्रतीत काहीच नाही असं दिसलं, म्हणून सांगितल्याप्रमाणे त्याने लॅपटॉपवरूनही सगळं काढून टाकलं. वाचताना चूक आली असती तर आरसिंक स्वतःहून पुसायचं थांबवतो. पण रिकामा फोल्डर ही चूक नाही. तो फक्त रिकामा असतो.

मूळ प्रत डिस्कवर शाबूत होती. गेल्या त्या सकाळपासून मी केलेल्या दुरुस्त्या, ज्या अजून डिस्कवर चढवल्या नव्हत्या. दिवाळी अंकातल्या एका दीर्घकथेची दुसरी प्रूफं, कवितांची पानं, आणि जाहिरातींची अर्धी मांडणी. कागदावरच्या लाल शाईच्या खुणा होत्या म्हणून पुन्हा करता आल्या. कवितांचं तसं नव्हतं. ओळी कुठे तोडायच्या हे कवीने फोनवर सांगितलं होतं आणि मी ते थेट पडद्यावर केलं होतं. त्यांना पुन्हा फोन करून फाइल गेली असं सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत. नंतर अंक आल्यावर एक ओळ चुकीच्या जागी तुटलेली निघाली, तेव्हा मात्र बोलले.

माझी भाची सुट्टीत आली होती. संगणकाचंच शिकते. मी तिला सगळी रामकहाणी ऐकवली आणि विचारलं, किती सेकंद थांबले असते तर डिस्क आली असती?

ती म्हणाली, "मावशी, सेकंद मोजतेसच कशाला? तुला हे नेमकं कधी व्हायला हवंय? लॅपटॉप उठल्यावर, की डिस्क आल्यावर?"

"डिस्क आल्यावर."

"मग उठण्याशी काय संबंध आहे?"

नव्हताच. डिस्क सहकारीकडून येऊन मी ती हाताने जोडली तरी मला तेच काम व्हायला हवं होतं. तेव्हा ते होत नव्हतं, कारण तेव्हा यंत्र झोपून उठलेलं नसे. मला हव्या असलेल्या प्रत्येक गोष्टीचं खरं निमित्त वेगळंच होतं, आणि ते बहुधा उठल्यावर लगोलग घडतं म्हणून मी उठण्यालाच निमित्त मानून बसले होते. झाकण उघडून पडदा उजळणं हा मला दिसणारा क्षण. यंत्राच्या लेखी तेव्हा बरंच काही व्हायचं बाकी असतं.

त्या दुपारी आम्ही दोघींनी हुक एकेक करून मोडीत काढले. डिस्कसाठी एक सर्व्हिस लिहिली, ती डिस्कच्या माउंटला बांधली. डिस्क माउंट झाली की सर्व्हिस चालते, मग यंत्र झोपून उठलं असो की डिस्क नुकती जोडलेली असो. सुरुवातीलाच ती जागा खरोखर माउंट झाली आहे का हे तपासते, नसेल तर तिथेच थांबते. 'डिलीट' गेलं. सर्व्हरच्या दुरुस्त्या नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरात गेल्या. जोडणी झाली की तिथली स्क्रिप्ट चालवली जाते आणि तिला 'अप' हा शब्द मिळतो. तिथेही मी एकदा अडखळले. फाइल रूटच्या मालकीची नव्हती, आणि इतरांना जिच्यात लिहिता येतं अशी फाइल नेटवर्कमॅनेजर चालवत नाही. होम फोल्डरात मूळ स्क्रिप्ट ठेवून दुवा देण्याची माझी युक्ती त्याने पहिल्याच फटक्यात नाकारली. बरं केलं. कीबोर्डला तर काहीच लागलं नाही. डेबियन-उबुंटूत कीबोर्डच्या मांडणीची एक सिस्टमभरची फाइल असते. तिच्यात इंग्रजी आणि मराठी दोन्ही मांडण्या व बदलायची कळ लिहून ठेवली, की नवा जोडलेला कीबोर्ड तिथूनच उचलतो. इतके महिने मी ज्या कामासाठी डिस्प्लेच्या किल्ल्या शोधत होते, त्याला एका फाइलमधल्या दोनतीन ओळी पुरल्या.

एक हुक भाचीच्या नजरेतून सुटला होता, आणि त्याची कथा मला अजूनही आवडते. लॅपटॉप पिशवीत आपोआप उठायचा आणि तापायचा. कोणतं उपकरण यंत्राला उठवू शकतं याची यादी 'प्रॉक'खालच्या एसीपीआयच्या 'वेकअप' फाइलमध्ये दिसते. तिथे यूएसबीच्या कंट्रोलरचं नाव लिहिलं की त्याची उठवण्याची परवानगी जाते. यंत्र पुन्हा सुरू केलं की परवानगी परत येते, म्हणून मी ती ओळ 'पोस्ट'मध्ये घालून ठेवली होती. दरवेळी लिहिलं म्हणजे नक्की बंद. तर पिशवीतला लॅपटॉप कधी थंडगार सापडे, कधी तव्यासारखा. मी पिशवी बदलली. माउस काढून ठेवला. हवामानाचाही विचार करून झाला. शेवटी भाचीने ती यादी झोपवण्याआधी आणि उठवल्यावर पाहिली. त्या फाइलमध्ये नाव लिहिणं म्हणजे 'बंद कर' नव्हे, 'उलट कर'. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. झोपेतून उठताना ही परवानगी बदलत नाही, त्यामुळे माझा हुक इमाने इतबारे एक झोप सोडून एका झोपेत पिशवीतली शेगडी पेटवत होता. आता यंत्र सुरू होताना एकदाच, त्या उपकरणाच्या स्वतःच्या फाइलमध्ये 'डिसेबल्ड' असा स्पष्ट शब्द लिहिला जातो. कितीही वेळा लिहिला तरी अर्थ तोच.

यानंतर मी शहाणी झाले असं लिहिता आलं असतं, पण नाही. काही दिवसांनी उठल्यावर पडद्यावर 'सुप्रभात, दुरुस्त्या तपासा' अशी सूचना यावी म्हणून मी पुन्हा एक हुक लिहिलाच. माझ्या नावाने, माझ्या बैठकीच्या डी-बसचा पत्ता देऊन, नोटिफाय-सेंडची कमांड. मस्त चालला. मग सिस्टम अद्ययावत केली आणि लॅपटॉप उठल्यावर गोठलेला दिसू लागला. घड्याळ जुनी वेळ दाखवतंय, माउस हलत नाही, कीबोर्ड दाद देत नाही, आणि बऱ्याच वेळाने सगळं अचानक सुरू. 2024च्या जूनमध्ये आलेल्या सिस्टमडी 256 पासून झोपण्याच्या वेळी वापरकर्त्यांच्या सगळ्या बैठका गोठवल्या जातात, आणि त्या सोडल्या जातात 'पोस्ट'चे हुक संपल्यावर. माझा हुक माझ्याच गोठवलेल्या बैठकीला सूचना दाखवायला सांगत होता आणि उत्तराची वाट पाहत होता. वायफायचीच गाठ पुन्हा, फक्त दुसऱ्या धाग्याने. ते गोठवणं एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बंद करता येतं. मी ते केलं नाही, सूचनाच काढून टाकली. बैठकीतलं काम बैठकीतच, लॉगिनडीचा 'झोप संपली' हा संदेश ऐकणाऱ्या छोट्या प्रोग्रामने करायचं असतं. सिस्टम-स्लीपच्या मॅन्युअलमध्येही लिहिलं आहे की हे हुक स्थानिक जुगाड आहेत, अनुप्रयोगांनी लॉगिनडीची वाट धरावी. ते मॅन्युअल मी सगळ्यात शेवटी वाचलं.

सध्या माझ्या त्या फोल्डरात माझी एकच फाइल आहे. जुन्या लॅपटॉपचा टचपॅड झोपेतून उठला की मेलेला असतो. त्याचं पीएसमाउस हे मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की जिवंत होतो. या कामाचं निमित्त खरोखरच उठणं हेच आहे, दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही, बैठकीशी संबंध नाही, आणि ते क्षणात संपतं. आतली पहिली ओळ लॉगमध्ये वेळ, मिळालेले दोन शब्द आणि फाइलचं नाव लिहिते, कारण 'पोस्ट'ऐवजी 'रिझ्यूम' शोधण्यात घालवलेली रात्र मला पुन्हा नको आहे.

तुम्ही असा हुक लिहायला बसलात तर आधी फक्त ती लॉगची ओळ लिहा, सिस्टमसीटीएलने यंत्र झोपवा, उठवा आणि जर्नल पाहा. ओळ दिसली तरच पुढचं लिहा. फाइल रूटच्या मालकीची ठेवा. कुठेही काही सेकंद थांबायची ओळ लिहावीशी वाटली तर तिथेच हात आवरा आणि आपण नेमकी कोणाची वाट पाहतोय ते शोधा. त्या गोष्टीला बांधता येईल अशी जागा लिनक्समध्ये बहुतेक वेळा असते. आणि आरसिंकला 'डिलीट' सांगायचं असेल तर ते जागेपणी, स्वतःच्या हाताने, पडद्याकडे बघत सांगा.